डाव्या चाकातली घोंगडी

मारोती, जीप अजून लोखंडी घोडीवर उचललेलीच होती. पुढचं उजवं चाक तू बसवून गेलास, डावं उघडं राहिलं. त्या उघड्या तोंडावर मी गोणपाट टाकून ठेवलं होतं, धूळ जाऊ नये म्हणून. खरं सांगायचं तर धुळीसाठी नव्हे, मला ते बघवत नव्हतं म्हणून. गॅरेजसमोरून जाणारा-येणारा विचारायचा, गौतमभाऊ, गाडी कधी व्हायची? मी प्रत्येकाला सांगायचो की सामान यायचंय. सामान तुझ्या स्टुलावरच पडलेलं होतं.

तुझ्या दहाव्याला नदीवर मला चार शब्द बोलायला उभं केलं. एवढा बडबड्या माणूस मी, लोकांना वाटलं आता तासभर सोडत नाही. मी उभा राहिलो, "मारोती चांगला माणूस होता" म्हणालो आणि खाली बसलो. सगळ्यांना वाटलं, दुःखाने बोलवेना. दुःख होतंच रे. पण मुख्य अडचण अशी की तुझी आठवण म्हणून माझ्याकडे नुसती भांडणंच होती, आणि तीही ग्रीसची आणि रबराची. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत बसलेल्या लोकांपुढे ती कशी काढायची? म्हणून ती इथे काढतो.

आपलं भांडण माहीत नाही असा ड्रायव्हर घनसावंगीत सापडायचा नाही. बाहेरच्या माणसाला मात्र सांगावं लागेल. फोर बाय फोर गाडीच्या पुढच्या अ‍ॅक्सलला दोन्ही टोकांना, चाकाच्या आतल्या अंगाला, नारळाएवढा लोखंडी गोळा असतो. त्याच्या पोटात जॉइंट. चाक वळलं तरी इंजिनाचं बळ चाकापर्यंत पोचतं ते त्या जॉइंटमुळे. गोळ्यात ग्रीस भरलेलं असतं आणि त्याच्या तोंडाशी सील असतं, आतलं ग्रीस आत राहावं आणि बाहेरचं पाणी बाहेर राहावं म्हणून. गोदाकाठच्या गाड्यांचं दुखणं नेमकं इथलं. ओढ्यातून काढायच्या, उसाच्या पाण्यातून काढायच्या, आणि पुढे कधीतरी वळणावर कट-कट आवाज यायला लागला की आपल्या दारात आणून उभ्या करायच्या. तू उघडायचास. आत ग्रीसचं ताक झालेलं असायचं आणि बेरिंगच्या सुया गंजून लाल.

इथपर्यंत आपलं एकमत. पुढे तुझं एक, माझं एक. जुन्या जिपांना कंपनीचं नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, कडं यायचं, ते बाजारात मिळेनासं झालं तेव्हा तू घोंगडीची पट्टी कापून बसवायला लागलास. मी लेथवर आयुष्य काढलेला माणूस. मला मापात बसणारी वस्तू लागते. रबरी सील घ्यावं, गोळा घासून आरसा करावा, सील बराबर बसवावं, की पाण्याची काय बिशाद! लोकर पाणी पिते, धरून ठेवते आणि लोखंड खाते, हे माझं म्हणणं. रबर चिखलात चिरतं, उन्हात कडक होतं, हे तुझं.

"मेंढरू पावसात उभं राहतंय," तू म्हणायचास. "त्याच्या कातड्याला पाणी लागतं का? न्हाई लागत. मंग लोखंडाला कसं लागंल?"

"मेंढरू चाळीसच्या स्पीडनं पळत न्हाई, मारोती."

"पळालं तर तूच मागं पडशील," असं म्हणून तू पुन्हा गाडीखाली जायचास. गाडीखाली गेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही, हे तुला चांगलं ठाऊक होतं.

माझं लेथचं दुकान बसलं त्या वर्षाची गोष्ट मी तुझ्यासमोर कधी काढली नाही. मी रोज बसस्टँडवर जाऊन उभा राहायचो. जांबच्या, अंबडच्या जिपा भरताना बघायचो आणि परत यायचो. घरी वाटायचं, कामाला गेलाय. एके दिवशी तुझ्या गॅरेजवरून जाताना बघितलं तर तुझ्या स्टुलाशेजारी दुसरं स्टूल. नवं नव्हतं, कुठून तरी आणून पाय ठोकलेलं. तू ये म्हणाला नाहीस, बस म्हणाला नाहीस. नुसतं म्हणालास, जरा ही सुई पकड. मी पकडली आणि तिथेच राहिलो. मी तुझे आभार मानायला हवे होते. त्याऐवजी मी त्याच दुपारी तुझ्या घोंगडीच्या पट्टीला नावं ठेवली. तू खूश झालास. भांडायला माणूस मिळाला म्हणून खूश झालेला असा तूच बघितला.

आणि ती घोंगडी. आता सगळं त्या घोंगडीवर येऊन थांबलंय म्हणून सांगतो. तुझे थोरले बंधू नामाभाऊ तेव्हाही मेंढ्या घेऊन फिरायचे, अजूनही फिरतात. त्यांचा मेंढ्यांचा वाडा नदीकडच्या शेतात बसला होता आणि आपण जीपमधून चारा घेऊन गेलो होतो. तुझी आई होती. मी बांधावर टेकलो होतो. तिने मला बघितलं, पालातून काळी घोंगडी आणली, झटकून अंथरली आणि म्हणाली, "वर बस लेकरा, खाली ढेकळं हायेत." त्याच घोंगडीवर तुझा देव बसायचा, तुमच्या घरच्या पंगती बसायच्या. माझ्या बापाला या पंचक्रोशीत कुणी काही अंथरलं नव्हतं, मारोती. तो आयुष्यभर खळ्याच्या कडेला, जोड्यांच्या बाजूला बसला. मी त्या घोंगडीवर बसून भाकरी मोडली आणि अर्धी तशीच ठेवली. तू बघितलंस. ठेचा माझ्याकडे सरकवलास. यावर आपण एक शब्द बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं का? मला अजून ठरवता येत नाही.

यंदा पोळ्याच्या आधी नदीला पाणी आलं तेव्हा नामाभाऊंचा वाडा ओढ्याच्या पलीकडे अडकला. मोठ्या मेंढ्या निघाल्या, कोकरं राहिली. आपण गेलो. गाडी पाण्यात घालायच्या आधीची आपली रीत ठरलेली. मी ड्रायव्हर म्हणून उजवीकडून उतरायचो, तू डावीकडून. पुढच्या चाकांच्या तोंडावर एकेक लॉक असतं, ते हाताने फिरवल्याशिवाय पुढची चाकं ओढत नाहीत. माझं मी फिरवायचं, तुझं तू. मग मी "झालं" म्हणायचं, बोनेटच्या पलीकडून तू "झालं" म्हणायचंस, आणि गाडीत. त्या दिवशी दोन-तीन खेपा नीट झाल्या. शेवटच्या खेपेला मधोमध गाडी रुतली. पाणी चाकाच्या वर आलं. आपण दोघं मांडीवर कोकरं घेऊन सीटवर बसलो, ट्रॅक्टर येईपर्यंत. तुझ्या मांडीवरचं कोकरू तुझ्या बटणाला चोखत होतं. तू मला विचारलंस, तुझं रबर आता काय करून राह्यलं असंल? मी म्हणालो, तुझी लोकर पोहून राह्यली असंल, तिचा विचार कर. कोकरं ओरडत होती आणि आपण हसत होतो. मला वाटतं मी त्यानंतर तसा हसलेलो नाही.

मग कट-कट सुरू झाली. दोन्ही बाजूंनी. गंमत म्हणजे त्या वेळी दोन्ही चाकांत तुझी लोकरही होती आणि माझं रबरही, कारण मागच्या वेळी भांडून कंटाळून आपण दोन्ही बसवली होती. म्हणजे कुणाचं चुकलं ते कळायला वाव नाही. तेव्हा तू तो तोडगा काढलास. एका चाकात नुसतं रबर, एका चाकात नुसती लोकर. खंडेनवमीपर्यंत गाडी पाण्यातून काढत राहायची आणि हत्यारं पुजायला काढू तेव्हा दोन्ही गोळे उघडायचे. ज्याचं ग्रीस काळं तो जिंकला, ज्याचं ताक झालं तो हरला.

"पण तुझं मी बसवतो अन् माझं तू बसव," तू म्हणालास. "म्हंजे मुद्दाम वाईट बसवलं असं कुणी म्हणायचं न्हाई."

असली अक्कल तुझीच. आपल्या विरुद्धचं काम आपणच करायचं, आणि मन लावून करायचं. तू माझं उजवं चाक घेतलंस. मी शेजारी बसून चुका शोधत होतो आणि एकही सापडत नव्हती. गोळ्यावरचा गंज तू बारीक पॉलिश पेपरने असा काढलास की त्यात तुझं नाक दिसत होतं. जॉइंटमधला चार फाट्यांचा क्रॉस नवा टाकलास, सुया एकेक करून ग्रीसमध्ये बुडवून बसवल्यास, सीलच्या ओठावरून बोट फिरवून बघितलंस. ज्या रबराला तू इतकी वर्षं शिव्या दिल्यास त्याला तू लेकरासारखं निगुतीने बसवलंस. इतकं चांगलं मीसुद्धा बसवलं नसतं. हे तुला त्याच वेळी सांगायचं होतं. म्हटलं, खंडेनवमीला सांगू.

मग तू हात धुतलेस. घोंगडीची एक जुनी पट्टी स्टुलावर काढून ठेवलीस. "जेवून येतो. आल्यावर सांगतो कशी बसवायची," म्हणालास. मी म्हणालो, चिंधी बसवायला शिकवणी कशाला लागती? तू हसत गेलास. वहिनींनी ताट वाढलं होतं म्हणे. तू भिंतीला टेकलास आणि टेकलेलाच राहिलास. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. आमच्यासाठी एवढंच कारण आहे, आणि ते पुरत नाही.

त्यानंतर मी रोज गॅरेज उघडून बसत होतो. गिऱ्हाईक आलं की दुसरीकडे पाठवायचो. तुझं घर मागच्याच बाजूला, त्यामुळे गयावहिनी सकाळी सडा टाकायला आल्या की जीप त्यांच्या समोर. एक चाक आहे, एक नाही. परवा त्या जवळ आल्या. पदर नीट केला आणि जीपकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, तिला पायावर उभी करा. दारात अशी लंगडी बघवत न्हाई."

मला मोठं संकट पडलं, मारोती. दोन्हीकडे रबर बसवून मोकळं होता आलं असतं. कुणाला कळलं असतं? तू तर बघायला येणार नव्हतास. पण तू माझं रबर मन लावून बसवून गेला होतास, आता तुझी लोकर मी मन लावून बसवायची होती. तेवढा एक शब्द आपल्यात शिल्लक होता. तो मोडला असता तर मग आपल्यात काय राहिलं असतं?

मी गोणपाट काढलं. गोळा घासला, तू घासलास तसाच, नाक दिसेपर्यंत. जॉइंट भरला. मग तुझी पट्टी उचलली. आणि इथे माझी जात आडवी आली, लेथवाल्याची. कुठलीही वस्तू बसवायच्या आधी धुऊन घ्यायची हे हाताला लागलेलं वळण. मी ती पट्टी रॉकेलमध्ये टाकली, चांगली चोळली, पिळली, पुन्हा टाकली. काय काळं पाणी निघालं! मला वाटलं, बघा, एवढी घाण हा माणूस चाकात घालत होता. पट्टी मऊ, हलकी झाली. वाळवली आणि बसवण्याआधी सहज वर पाणी टाकलं. घटकेत पिऊन टाकलं तिने. थेंबसुद्धा वर राहिला नाही.

मी जिंकलो होतो. लोकर पाणी पिते, डोळ्यांसमोर पिऊन दाखवलं होतं. इतक्या वर्षांनी जिंकलो, आणि तोंड उघडून म्हणायला गेलो, बघ मारोती. शेजारचं स्टूल रिकामं होतं. मला तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने रडू आलं. दहाव्याला आलं नव्हतं ते सगळं त्या ओल्या चिंधीवर आलं.

आवाज ऐकून वहिनी आल्या. मी पट्टी दाखवली, पाणी कसं प्याली ते सांगितलं. त्यांनी ती हातात घेतली, वास घेतला.

"राकेलात धुतली का तुमी हिला?" त्या म्हणाल्या. "मंग हिच्यात लोकर कुठं राह्यली? मेंढराच्या अंगचं तेल असतंय ते. ते गेलं की कापसाची वातच की ही."

न धुता उन्हात तापवायची आणि अंगठ्याने ग्रीस चारायचं, पोट भरल्यावर ती आपणच ग्रीस सोडते, असं त्या सांगत होत्या. ते सगळं आंगण झाडता झाडता बघून त्यांना पाठ होतं. मी तुझ्या शेजारी बसून इतकी वर्षं ते बघत होतो आणि एकदाही नीट बघितलं नव्हतं. टर उडवायच्या नादात तुझा हात काय करतोय याकडे लक्षच नव्हतं. "आल्यावर सांगतो" म्हणालास ते हेच सांगणार होतास ना?

दुसरी पट्टी नव्हती. तुकडे सगळे तू इतरांच्या चाकांत घालून संपवले होतेस. मी म्हणालो, नामाभाऊंकडून लोकर मागवतो. वहिनी आत गेल्या आणि ती काळी घोंगडी घेऊन आल्या. तीच. आईने अंथरलेली. सोबत मेंढ्या कातरायची मोठी कात्री.

मी नको म्हणालो. अगदी हात धरायचा बाकी ठेवला. म्हटलं, वहिनी, हिला कात्री लावायची नाही, मी हिच्यावर बसलोय. हे त्यांना काय कळणार, असं मला वाटलं. त्यांनी घोंगडी जमिनीवर पसरली, गुडघे टेकले आणि म्हणाल्या, "मला सांगितलं हाये त्येंनी. त्या दिवशी तुमी जेवला नव्हता धड. घरी येऊन समदं सांगितलं अन् ते पण जेवले न्हाईत."

म्हणजे तू बोलला होतास. माझ्याशी नाही, पण बोलला होतास. 

"पेटीत घडी घालून ठिवली तर कसर खाईल," वहिनी म्हणाल्या आणि काठाकडून कात्री घातली. कर्र असा आवाज झाला. पट्टी लांब, सरळ, मापात निघाली, मला लेथवर निघाली नसती इतकी मापात. उरलेली घोंगडी त्यांनी घडी करून काखेत घेतली आणि मागे न बघता आत गेल्या.

मी पट्टी उन्हात टाकली. तापल्यावर मांडीवर घेऊन अंगठ्याने ग्रीस चारत बसलो. दुपार गेली त्यात. लोकर आधी घेत नव्हती, मग घ्यायला लागली. तिला मेंढरांचा, धुराचा आणि तुझ्या घराचा वास होता. गोळ्याभोवती कडं करून बसवली, टोकाला टोक भिडवलं, वरून पट्टी दाबून धरणारी प्लेट आवळली. आवळताना हात थोडा सैल सोडावा की घट्ट, हे मला माहीत नव्हतं. मी मधला धरला. चुकलं असेल तर माझ्याकडून चुकलं, लोकरीचं नाही. एवढं मी खंडेनवमीला आधी सांगेन आणि मगच उघडेन.

कुणाचं चाक जिंकावं असं विचारलंस तर तुझं. आयुष्यात पहिल्यांदा मला हरायचंय. पण उजवं चाकही तुझ्याच हाताचं आहे, त्यामुळे त्यातही ताक निघालेलं मला चालणार नाही.

आज सकाळी घोडी काढली. जीप चाकांवर उभी राहिली. वहिनी दारात होत्या, त्यांनी हळदी-कुंकू लावलं आणि पाण्यातून काढून आणा म्हणाल्या. वळणावर कट-कट नव्हती. मी ओढ्याशी आलो, तिथेच, कोकरांच्या जागी. पाणी आता गुडघ्याएवढंच आहे. सवयीने उजवीकडून उतरलो, लॉक फिरवलं आणि "झालं" म्हणालो. मग बोनेटला हात टेकून उभा राहिलो. पलीकडे बगळे होते, ते उडाले. ऊन चढत होतं. मी कशाची वाट बघत होतो ते मला उशिरा कळलं.

मग बोनेटला वळसा घालून तुझ्या बाजूला गेलो, खाली बसलो आणि तुझ्या लॉकला हात घातला. हललं नाही. पुन्हा जोर केला. दोन्ही हात लावून, खांदा लावून फिरवलं तेव्हा कुठे बसलं. तळहाताचं कातडं निघालं. माझ्या बाजूचं तर बोटाने फिरतं, मारोती. तुझं इतकं जड आहे हे तू मला कधी सांगितलं नाहीस.